घरी शिवलेली कापडी पर्स लगेच लोळते आणि बंद उसवतात, काय चुकतंय?
नुसती टीप नाही चुकत हो ताई, आधीची तयारीही कमी पडतेय. नुसत्या महेश्वरीसारख्या पातळ कापडाची पर्स उभी राहणारच नाही, आतून चिकटवायचं बकरम (कापड ताठ ठेवणारं अस्तर) इस्त्रीने लावा, आणि कापड सुती असेल तर कापायच्या आधी धुऊन घ्या नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. आता पर्सच्या बंदांचं. उसवलेली पर्स फेकू नका, नीट बघा धागा तुटलाय की कापड फाटलंय. धागा असेल तर चौकोनी टीप मारून मधे फुली शिवा, एका सरळ टिपेने वजन पेलत नाही, आणि जाड थरांना 16 नंबरची सुई लावा, बारीक सुई तिथे मोडू शकते. कापड फाटलं असेल तर मागून कॅनव्हासचा (जाड कापडाचा) तुकडा लावा. बाकी इंदुरात एमटी क्लॉथ मार्केटला कापड मस्त मिळतं पण पुढची पर्स सरावाला जुन्या चादरीचीच शिवा.