लेकीला अणुधोरणात जायचंय, बी.एड.चा फॉर्म भरू की थांबू?

(डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी पणजीच्या कॉलेजात टी.वाय.बी.ए.ला, विषय राज्यशास्त्र. तिला ‘न्यूक्लिअर पॉलिसी’त करिअर करायचं आहे. वडिलांचे पूर्वी खाणीवर ट्रक होते, आता दुकान आहे. बी.एड. करावं नाहीतर सरकारी खात्यात लागावं, असं घरच्यांना वाटतं. ते विचारतात: या क्षेत्रात नोकऱ्या असतात का? सायन्स न घेतलेल्या मुलीला तिथे जागा आहे का? शिक्षण कुठे मिळतं? आणि किरणोत्साराचं काय?)

नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी संपवतो. धोरणाचं काम करणारी माणसं अणुभट्टीत उतरत नाहीत. कायदे, करार, अहवाल आणि बैठका यांतच त्यांचा दिवस जातो. बिघडलाच तर चष्म्याचा नंबर बिघडेल.

धोरण म्हणजे काय, हे तुम्हांला मी वेगळं सांगायला नको. २०१२मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा डिचोली-साखळीत दारोदारी उभे राहिलेले ट्रक तुम्ही पाहिले आहेत. परवाना कोणी द्यायचा, कोणत्या अटींवर, अटी पाळल्या जातात का हे कोणी बघायचं, नुकसान झालं तर कोणी भरायचं? अणुऊर्जेत नेमक्या याच प्रश्नांची उत्तरं लिहिणारी माणसं लागतात. तुमची लेक म्हणते ते हेच काम.

या क्षेत्राची एक बाजू अण्वस्त्रांची आणि मुत्सद्देगिरीची. भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही, तरी २००८मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाकडून अणुव्यापारासाठी सूट मिळवली. त्यामागे वाटाघाटींची काही वर्षं होती. १९९६मध्ये जिनिव्हात अणुचाचणी बंदी कराराला भारताचा नकार ठामपणे मांडला तो अरुंधती घोष यांनी, आणि त्या परराष्ट्र सेवेतल्या अधिकारी होत्या. आणखी एक उदाहरण मुलीला जरूर सांगा. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा भारत-पाकिस्तानचा १९८८चा करार आहे. त्यानुसार १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. संबंध कितीही बिघडले तरी ही यादी जाते. अशा कामाचा रस्ता मात्र यू.पी.एस.सी.तून जातो आणि तिथे किती मुलं अडकून पडतात ते तुम्ही जाणता. तेवढ्या एका दारावर सगळी भिस्त ठेवू नका.

दुसरी बाजू विजेची. सध्या देशाची अणुवीजक्षमता नऊ गिगावॉटच्या (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) आतबाहेर आहे. २०४७पर्यंत ती १०० गिगावॉट करायची, असं २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालं. तेवढं होईल का, याबद्दल मला शंका आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने ‘शांती’ कायदा संमत केला आणि तो महत्त्वाचा आहे. १९६२चा अणुऊर्जा कायदा आणि २०१०चा अणुदायित्व कायदा (अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची, याचा), दोन्हींची जागा त्याने घेतली आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्रात वाट मोकळी केली. आजवर सगळा कारभार सरकारच्या घरातच चालायचा, त्यामुळे बाहेरच्या वकिलाला, विमावाल्याला, धोरण अभ्यासकाला फारसं काम नव्हतं. आता परवान्यांचे अर्ज, नुकसानभरपाईची कलमं, विमा, भूसंपादन, जनसुनावण्या हे सगळं वाढणार. या बाजूला माणसं कमी आहेत.

आणि हा विषय तुम्हांला वाटतो तेवढा लांबचा नाही. गोव्याच्या हद्दीवरचं पोळ्याचं नाकं ओलांडलं की कारवार, आणि त्याच तालुक्यात काळी नदीच्या काठी कैगा. तिथे २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या चालू आहेत, ७०० मेगावॉटच्या आणखी दोन होत आहेत. उत्तरेला रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर, कागदावर ९,९०० मेगावॉट. तिथल्या मच्छीमारांचा प्रश्न साधा होता: प्रकल्पाचं गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळीचं काय? २०११मध्ये आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. अशा गावात जाऊन मराठीत, कोकणीत नीट बोलू शकणारी आणि गावाचं म्हणणं तितक्याच नीट दिल्लीला लिहून पाठवू शकणारी तज्ज्ञ मंडळी किती आहेत, मोजा. दिल्लीच्या मुलांकडे इंग्रजी असतं. ही भाषा तुमच्या लेकीकडे आहे.

आता शिक्षण. ‘न्यूक्लिअर पॉलिसी’ नावाची पदवी शोधत बसू नका. आधी एक भक्कम विषय घ्यायचा, ज्यावर पोट भरता येईल, आणि अणूचा अभ्यास त्यावर चढवायचा. तिच्यासमोर दोन सरळ वाटा आहेत. एक, आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. गोवा विद्यापीठात ताळगावच्या पठारावरच ती सोय आहे. शेजारी मणिपालला आहे. दिल्लीला जे.एन.यू.त निःशस्त्रीकरणाच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे, प्रवेश सी.यू.ई.टी. या सामायिक परीक्षेतून. दुसरी वाट तीन वर्षांची एल.एल.बी., पणजीत किंवा मडगावात.

माझा कौल एल.एल.बी.ला. तिचा ओढा एम.ए.कडे असणार, हे मला ठाऊक आहे. पण एम.ए. झाल्यावर बहुधा दिल्लीतल्या एखाद्या अभ्यास संस्थेत कंत्राटी संशोधन सहायकाची जागा मिळते. पगार बेताचा, घरभाडं दिल्लीचं. अशा संस्थांत एकीला आपल्या मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. त्या जागा वाईट नाहीत, शिकायला उत्तम आहेत, पण घरून थोडी मदत करत राहावं लागेल. कायद्याची पदवी असेल तर पर्वरीचं हायकोर्ट, पर्यावरणाचे खटले, कंपन्यांची कामं, सगळं हाताशी राहतं, आणि अणुकायद्यातली खास पदवी नंतर घेता येते. दायित्वाचा प्रश्न मुळात कायद्याचाच आहे. भोपाळच्या आठवणीने २०१०च्या कायद्यात पुरवठादाराकडून वसुलीची तरतूद आली आणि परदेशी कंपन्या तिथेच अडून बसल्या.

सायन्स नाही म्हणून दार बंद होत नाही. अणुकेंद्रांच्या आणि किरणोत्साराच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळात मुख्यतः विज्ञान-अभियांत्रिकीचीच माणसं घेतात, तो नाद सोडा. पण अणुभट्टी कशी चालते, समृद्ध युरेनियम म्हणजे काय, वापरलेलं इंधन कुठे जातं, एवढं तिला पाठ हवं. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. दुसऱ्या शाखेच्या प्राध्यापकाकडे जाऊन विषयाची बाराखडी समजून घ्यायला लाज वाटू नये.

पुढे परदेशात जायचं असेल तर त्याच संस्थेची मारी क्युरी यांच्या नावाची शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे. अणुविषयक पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला १०,००० युरोपर्यंत फी आणि तेवढाच राहण्याचा खर्च मिळतो. अणुकायदा आणि प्रसारबंदी हे विषयही त्यात बसतात. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या अभ्यासक्रमाचं नाव पहिलं दिसेल. त्या संस्थेने पदव्युत्तर वर्ग बंद करायचं २०२५मध्ये जाहीर केलं आहे, तेव्हा तिकडे पैसे गुंतवू नका.

एक खास गोव्याची सूचना. घरात कोणी लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट काढायचं बोलत असेल तर आधी विचार करा. ते नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि परराष्ट्र सेवा किंवा सरकारातलं असं कुठलंही काम तिच्यासाठी संपलं. ‘ओ.सी.आय. कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) आहे ना’ म्हणून भागत नाही.

बी.एड.चं म्हणाल तर त्याचा निकाल तिलाच लावू द्या, पण एक काम करून. ‘कॅग’ने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, २०१२मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळावर अहवाल दिला होता, तो नेटवर फुकट मिळतो. मंडळाला स्वतंत्र कायद्याचा आधार नाही आणि देशातली बहुसंख्य एक्स-रे केंद्रं नोंदणीशिवाय चालतात, असं त्यात लिहिलं होतं. म्हापशातला एक्स-रेही याच विषयात येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिने तो अहवाल वाचावा, मग २०२५चा कायदा वाचावा, आणि कॅगने काढलेल्या दोषांपैकी कोणते दूर झाले, कोणते राहिले, यावर दोन पानं मराठीत लिहावीत. तुम्ही ती दुकानात बसून वाचा. समजली नाहीत तर परत लिहायला सांगा.

हे करताना तिला कंटाळा आला तर बी.एड.चा फॉर्म भरा, त्यात वाईट काही नाही. नाही आला, तर ती दोन पानं मला पाठवा आणि कायद्याच्या प्रवेशाच्या तारखा कॉलेजात जाऊन विचारून घ्या.