मायलेक, मायलेकी आणि लेकीची लेक

अंबाजोगाईच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या महिला मंडळात आई-मुलींवरचे चित्रपट दाखवायचे ठरलंय. पत्रकावर 'मायलेकांचे चित्रपट' असं लिहिलं, तर एका मैत्रिणीनं अडवलं, की हे तर माय आणि पोराचे झाले. पण 2024 साली 'मायलेक' नावाचा आई-मुलीचाच सिनेमा येऊन गेला, मग बरोबर कोण? शिवाय आजी, आई, नात अशा तिघींना मिळून एखादा शब्द आहे का?

मैत्रिणीचं बरोबर आहे, आणि सिनेमाचं नावही चुकलेलं नाही.

सगळी गोम 'लेक' या शब्दात आहे. तो पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही. 'माझा लेक पुण्याला असतो' आणि 'माझी लेक जालन्याला दिली' ही दोन्ही वाक्यं आपल्याकडं एकाच ओट्यावर ऐकू येतात. एकवचनात फरक कळतो तो 'माझा-माझी'वरून. अनेकवचनात मात्र शब्दच बदलतो: दोन लेक म्हणजे मुलगे, दोन लेकी म्हणजे मुली. समासातही तेच. 'मायलेक आले' म्हटलं की आई आणि मुलगा, 'मायलेकी आल्या' म्हटलं की आई आणि मुलगी. विभक्ती लागली की एकाचं 'मायलेकांचं' होतं, दुसऱ्याचं 'मायलेकींचं'. म्हणजे पत्रकावरच्या 'मायलेकांचे'नं तुमच्या सगळ्या मुलींचे मुलगे करून टाकले.

सिनेमाच्या नावाला ना क्रियापद असतं ना विभक्ती. त्यात सोनाली खरे आणि तिची खरीखुरी मुलगी सनाया आहेत, आणि नाव घेतलंय ते नुसतं माय अधिक लेक असं, 'सासूसून' म्हणावं तसं. वाक्यात घातलं, की 'सासूसुना भांडल्या' आणि 'मायलेकी भांडल्या' असंच म्हणावं लागेल. पोस्टरवर ते खपून जातं, याला माझ्या मते आणखी एक कारण आहे. लिहिण्याबोलण्यात एकटा 'लेक' हल्ली मुलीकडं झुकलाय. 2023 साली राज्य सरकारनं मुलींसाठी योजना आणली तिचं नाव 'लेक लाडकी'. ते वाचून कुणालाही मुलगा आठवला नसेल. गावाकडं अजून 'लेक' दोघांचाही आहे, आणि 'अरे लेका'मध्ये तर तो पक्का पुरुष आहे. जोडशब्दातही त्याचं जुनं पुरुषपण शाबूत आहे. त्यामुळं परळीच्या बसमध्ये 'मायलेक बसलेत' असं ऐकलं, तर आपण मान वळवून पोरगाच शोधणार.

जाता जाता अनुस्वाराचं सांगून टाकतो, कारण छापखान्यात हमखास गळणारी गोष्ट ती. 'मायलेकीचं नातं' नव्हे, 'मायलेकींचं नातं'. दोघी आहेत ना!

'आई-मुलींचे चित्रपट' असं लिहिलं तरी अर्थ पोचेल, पण ते अहवालातल्यासारखं वाटतं. आणि 'आया व मुली' असं तर चुकूनही लिहू नका. आईचं अनेकवचन 'आया' हेच असलं तरी वाचणाऱ्याला आधी बालवाडीतली आया दिसते.

आता तिघींचं. 'तिघी मायलेकी' हा प्रयोग आहे, पण त्याचा अर्थ एक आई आणि तिच्या दोन लेकी. आजी-आई-नात असा तो कुणी घेणार नाही. 'लेकीबाळी' खालच्या पिढ्यांना पुरतो, आजीला त्यात जागा नाही. 'लेकीसुना' घरातल्या पोटच्या आणि घरात आलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या बायका सांगतो, पण पिढ्यांची उतरंड सांगत नाही. खापरपणजी, पणजी, आजीपासून नात, पणती, खापरपणतीपर्यंत प्रत्येकीला वेगळं नाव देणाऱ्या मराठीत त्या सगळ्यांचा मिळून एक रूढ शब्द मला तरी सापडत नाही. सापडत नाही म्हणून घडवायचाही नाही. बोलताना आपण साखळीच जोडतो: लेक, लेकीची लेक, मायची माय.

साखळीच सोयीची, कारण मधली बाई एकाच वेळी माय पण असते आणि लेक पण. श्याम बेनेगलांचा 'भूमिका' (1977) बघा. तो हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. त्यात उषाची आजी आहे, आई आहे, उषा स्वतः आहे आणि तिची मुलगी आहे. बायका चार, मायलेकींच्या जोड्या तीन, आणि स्मिता पाटीलची उषा त्यातल्या दोन जोड्यांत. एका शब्दात हे कसं कोंबणार?

मराठवाड्यात तर हा गुंता आपण बोलण्यातच वागवतो. बाप शाळेतून आलेल्या पोरीला म्हणतो, 'ये माय, जेवून घे'. भाजीवाली विशीतल्या गिऱ्हाइकाला 'काय देऊ माय?' विचारते. लेकीलाच माय म्हणायचं! आणि लाडात आलं की मुलगा असो वा मुलगी, हाक एकच, 'लेकरा'. 'लेकरू' नपुंसकलिंगी असल्यानं भेदच मिटतो. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी विठोबाला 'लेकुरवाळा' केलं, ते याच लेकरापासून.

तेव्हा पत्रकावर मोठ्या अक्षरांत 'मायलेकींचे चित्रपट' आणि खाली बारीक अक्षरांत 'आजी, आई, लेक, नात: पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायका' असं छापा. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त (1982) सुलभा कामासाठी घर सोडते आणि तिची मुलगी मागं राहते, म्हणून तो या नावाखाली चपखल बसतो. 'बाईपण भारी देवा' (2023) मात्र मुळात बहिणीबहिणींचा, तो दुसऱ्या कार्यक्रमाला ठेवा. यादीत कुणी 'श्यामची आई' (1953) घुसवली, तर मात्र वरचं नाव बदलून 'मायलेकरांचे चित्रपट' करावं लागेल.