वाचकांचे प्रश्न : औषध फक्त पायापुरते

प्रश्न : माझे वडील चोपडा तालुक्यात केळीची शेती करतात. तळपायावरचा काळा डाग भोवरी समजून त्यांनी वर्षभर त्यावर बिब्बा लावला. तो मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, निघाला आणि शस्त्रक्रिया झाली. आता नडगीवर मसुराएवढ्या निळसर गाठी उठल्या आहेत. कागदावर ‘रीजनल ट्रीटमेंट’ लिहिले आहे. हा उपचार आमच्या भागात, जळगाव-धुळ्यात, होतो का? पाय काढावा लागेल का?

उत्तर : ‘रीजनल’ या शब्दातला ‘भाग’ म्हणजे खानदेश नसून वडिलांचा पाय आहे; गोंधळ होणे साहजिकच आहे. मूळ डागातून निसटलेल्या पेशी जांघेतल्या लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेतल्या लसीकावाहिन्यांत (ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) अडकून वाढल्या, की अशा गाठी दिसतात. एकदोन असतील तर त्या कापून काढतात. पुष्कळ असतील आणि रोग पायाबाहेर गेलेला नसेल, तर औषध पायापुरतेच देण्याचा विचार होतो.

१९५७ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे सुरू झालेल्या पद्धतीत जांघेतील रक्तवाहिन्या उघडून त्यांत नळ्या घालतात, मांडीवर आवळपट्टी बांधून पायाचे रक्ताभिसरण उरलेल्या शरीरापासून तोडतात आणि मेल्फालान हे कर्करोगावरचे औषध मिसळलेले कोमट रक्त पंपाने तासभर पायातच फिरवतात. शेवटी पायाच्या रक्तवाहिन्यांतले औषध धुऊन काढून अभिसरण पूर्ववत जोडतात. एरवी शरीराला सोसवणार नाही इतकी मात्रा त्यामुळे देता येते. पुढे सिडनीत निघालेल्या सोप्या पद्धतीत मोठी चीर न घेता बारीक नळी (कॅथेटर) घालून अर्ध्या तासात काम उरकते. दोन्हींनंतर पाय लाल होतो, सुजतो. क्वचित स्नायूंवर इतका दाब येतो की तातडीने चीर द्यावी लागते.

हा उपचार मोजक्याच केंद्रांत होतो. शिवाय तो पायाबाहेरच्या पेशींना शिवत नाही, म्हणून आधी पूर्ण शरीराचा पेट-सीटी (रोग कुठे कुठे पसरला आहे ते दाखवणारा स्कॅन) आवश्यक आहे. गेल्या दशकभरात इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चेतवणारी औषधे) आल्यापासून अनेक ठिकाणी तीच आधी देतात. मात्र तळपायाचा मेलानोमा तिला इतर प्रकारांच्या मानाने कमी दाद देतो, शिवाय तिचा खर्चही मोठा असतो. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी दुसरे मत घेताना बायॉप्सीचे ब्लॉकही (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) सोबत न्यावेत, म्हणजे बीआरएएफ या जनुकातील बदलाची तपासणी तिथेच करता येईल.

अशा गाठींसाठी पाय काढण्याची वेळ आता क्वचितच येते. नव्या गाठींवर मात्र बिब्बा लावू देऊ नका. फोड आलेल्या कातडीवर गाठींची मापे नीट घेता येत नाहीत.