नोंदणी आधी, भट्टी नंतर

ख्रिस्ती ट्रस्टांचे हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय. नाताळ जवळ आला की केक, मेणबत्त्या विकून निराधार मुलांचा खर्च भागवू पाहणाऱ्यांची तीच तीच पत्रं येतात. यंदा एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : आमच्या ट्रस्टला बेकरी काढायची आहे. धंद्याचं उत्पन्न २० टक्क्यांवर गेलं की करसवलत जाते म्हणे?

‘म्हणे’ कोण? ती मर्यादा ‘सार्वजनिक उपयोगाची इतर कामं’ या सदरातल्या संस्थांना. गरिबांना साहाय्य आणि शिक्षण ही सदरं वेगळी. मात्र धंदा उद्दिष्टाला पूरक हवा आणि त्याच्या वह्या स्वतंत्र हव्यात. बेकरीचा मैदा आणि मुलांचं दूध एकाच खात्यात लिहिलंत तर पुढे निस्तरता येत नाही. तुम्ही कुठल्या सदरात बसता हे ट्रस्टडीड, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेचा दस्त, पाहूनच ठरेल. ते घेऊन सीएकडे जा.

प्रश्न : केकच्या खोक्यावर आमच्या मुलांचे फोटो छापले तर चालेल का? खप वाढेल.

वाढेल. छापू नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचा : अशा मुलांची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न : आठ मुलं ठेवली आहेत. बेकरी नफ्यात आली की पुढच्या वर्षी नोंदणी करू. सरकारी अनुदान नाही, मग घाई कशाला? पंडिता रमाबाईंनी तरी कुठे नोंदणी केली होती?

रमाबाईंनी शारदा सदन काढलं १८८९ साली. बाल न्याय कायदा २०१५ चा आहे. हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की आता शिक्काच करून घ्यावा. अनुदान असो वा नसो, निराधार मुलांची संस्था कलम ४१ खाली नोंदवावीच लागते. नाहीतर एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. आणि अर्जाला होणाऱ्या दर तीस दिवसांच्या उशिराचा गुन्हा वेगळा. अर्ज केल्यावर महिन्याभरात तात्पुरती नोंदणी द्यायची तरतूद आहे, तेव्हा नफ्याची वाट पाहण्याचं कारणच उरत नाही.

आणि ‘ठेवली’ म्हणजे कुणाच्या आदेशानं? शंभराच्या स्टॅम्पपेपरवर आईचा अंगठा असेल तर तो कागद बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या, आदेशाची जागा घेत नाही. एकटं सापडलेलं मूल चोवीस तासांत समितीपुढे न्यायचं असतं. शाळेचं वसतिगृह ही वेगळी बाब, पण आपलं कुठलं हे तुम्ही परस्पर ठरवू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, याच आठवड्यात.

जाताना आठांपैकी किती जणांची आई हयात आहे ते लिहून न्या. संस्था हा शेवटचा पर्याय असं कायदाच सांगतो. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत पात्र मुलाला घरी राहून महिना चार हजार मिळू शकतात. बेकरीच्या नफ्यातून त्या आईचं खोलीभाडं भरलंत तर त्या मुलाला कदाचित संस्थेत खाट लागणारच नाही. पण रिकाम्या खाटा दाखवून केक खपत नाहीत, ही खरी अडचण आहे.

प्रश्न : मोठ्या मुलांनी भट्टीवर हातभार लावला तर? संस्कारच आहे ना?

आपलं ताट धुणं हा संस्कार. पहाटे चारला विक्रीचे पाव लादीत लावणं ही मजुरी. चौदाखालच्यांना नाहीच, वरच्यांबाबत कामगार अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय भट्टीजवळ नेऊ नका.

प्रश्न : मेणबत्तीवर ‘२० टक्के नफा अनाथांना’ असं छापलंय. विश्वास ठेवावा?

नफा दाखवलाच नाही, तर वीस टक्के कशाचे? ट्रस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. आणि मेणबत्तीच्या बिलावर देणगीची करसवलत (८०जी) मिळत नाही. ती खरेदी आहे, देणगी नव्हे.

प्रश्न : अमेरिकेतला भाचा ओव्हनसाठी पैसे पाठवतोय. घ्यावेत का?

पासपोर्ट कुठला? भारतीय असेल आणि पैसे त्याच्या बचतीतले, बँकेमार्फत आले, तर ती परकीय देणगी नव्हे. अमेरिकी असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी तो परकीयच. एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका. आधी सीएला विचारा, मग भाच्याला खातं क्रमांक कळवा.