चाकोरी आणि सैल हात

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज वाचला. सायकल शर्यतीत नाव घातलंस, फार बरं वाटलं. ६२ किलोमीटर, त्यातले ११ किलोमीटर कालव्याकडेचा मुरूम आणि खडी. तू विचारलंस, "काका, सहा आठवड्यांत पाय तयार होतील ना?" पाय होतील गं. मंगळवारी आदर्कीच्या घाटात आठ-आठ मिनिटांचे चार जोराचे चढ कर, मध्ये चार मिनिटं हलकं पेडल मार. रविवारी तीन तास चालव, बोलता येईल इतक्याच जोरानं. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आण, पण दोन-तीन वेळा जोरात पेडल मारणं राहू दे, नाहीतर पाय जड पडतात. पायांचं एवढंच. मला काळजी आहे ती तुझ्या हातांची.

परवा पुलापासून पहिल्या मोरीपर्यंत तुझ्या मागे होतो तेव्हा पाहिलं. खडी लागली की तुझे खांदे कानाला लागतात, कोपर ताठ होतात आणि हँडलवरची बोटं पांढरी पडतात. खडीवर पुढचं चाक थोडं इकडे-तिकडे सरकणारच, त्याला तेवढी मोकळीक लागते. तू घट्ट धरलंस की प्रत्येक दगडाचा धक्का खांद्यापर्यंत येतो आणि सावरायला जागाच उरत नाही. कोपर वाकव, अंगठे मात्र हँडलखाली अडकलेले असू देत, आणि नजर चाकापुढे न ठेवता दहा-पंधरा मीटर लांब ठेव. सायकल तिची वाट काढते. दर गुरुवारी फक्त एवढ्यासाठी कच्च्यावर जा. वेग बघू नकोस.

आता चाकोरी. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्यांनी दोन चाकोऱ्या पाडलेल्या असतात, दाबून गुळगुळीत झालेल्या, आणि मधल्या उंचवट्यावर सगळी सुटी खडी गोळा झालेली असते. चाकोरीत चालवणं सोपं आहे. माणसं पडतात ती एका चाकोरीतून दुसरीत जाताना. समोरच्याला मागे टाकायची घाई होते, चाक त्या खडीत तिरकं शिरतं आणि घसरतं. म्हणून कुठली चाकोरी धरायची ते डांबर संपण्याआधीच ठरव. बदलावीच लागली तर पेडल थांबवू नकोस, चाक जमेल तितकं सरळ ठेवून ओलांड, आणि त्या क्षणी पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस. वळणाआधीच वेग कमी करून घे. चढावर मोठा गिअर घेऊन सीटवर बसून राहा. उभी राहिलीस की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागच्या जागी फिरतं.

माझ्या दुसऱ्याच शर्यतीत मी कच्च्यात शिरलो तेव्हा घोळक्यात तिसाव्या जागेवर होतो. पुढे नुसता धुरळा. समोरच्याचं चाक दिसत नव्हतं, मग खड्डा कुठून दिसणार? दोघं आडवे झाले, मी पडलो नाही, पण थांबावं लागलं. आघाडीची माणसं पुढच्या वळणाआड गेली ती पुन्हा दिसली नाहीत. माझे पाय त्या दिवशी चांगले होते, याचं वाईट आजही वाटतं. तेव्हा प्रत्येक कच्च्या तुकड्याच्या एक किलोमीटर आधी पुढच्या आठ-दहात ये. तिथे दम खर्च कर, तो वाया जात नाही. आणि आत शिरल्यावर डांबरासारखं चाकाला चाक लावून जाऊ नकोस. दोन सायकलींचं अंतर ठेव, एका बाजूला सरकून, म्हणजे रस्ता दिसेल.

तू त्या इटलीतल्या स्त्रादे बियांके शर्यतीचा व्हिडिओ पाठवला होतास. तोस्काना प्रांतातले ते पांढरे कच्चे रस्ते, सिएनाच्या चौकात शेवट. २००७ पासूनची शर्यत, म्हणजे तशी नवीच. स्लोव्हेनियाचा सायकलपटू पोगाचार, त्यानं २०२४ मध्ये ८१ किलोमीटर बाकी असताना एकट्यानं झेप घेतली, ते तुला आवडलं. मला २०२५ चं जास्त आठवतं. तो पडला, कपडे फाटले, अंग खरचटलं, तरी उठून जिंकला. आणि पडला कुठे? डांबरी उतारावरच्या वळणावर. खडी संपली की माणूस सुटकेचा श्वास सोडतो, बाटलीकडे हात जातो, आणि टायरमधली हवा खडीच्या हिशोबानं कमी ठेवलेली आहे हे लक्षात राहत नाही. तुझ्या शर्यतीतही दुसऱ्या तुकड्यानंतर लगेच उतार आहे. तिथे पाणी पिऊ नकोस, खाली सपाटीला लागल्यावर पी.

हवेचं सांगतो. तुझं वजन ५५ किलोच्या आसपास, टायर ३२ मिलिमीटर रुंदीचे, आत ट्यूब. मागे ५२ आणि पुढे ४८ पीएसआय (पंपावरचा हवेच्या दाबाचा आकडा) पासून सुरुवात कर. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला तर दोन-दोननं वाढव, दात हलायला लागले तर दोननं उतरव. फार कमी केलीस तर ट्यूब रिम आणि दगडात चेपून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. जो आकडा जमेल तो वहीत लिहून ठेव.

आपल्याकडे खडीपेक्षा काटा वाईट. कालव्याकडेला बाभूळ आहे आणि सराटेही आहेत. बाभळीच्या काट्याचं टोक टायरच्या आत मोडून राहतं, बोटाला लागत नाही, आणि नवी ट्यूब टाकली की तीही पंधरा मिनिटांत बसते. कापसाचा बोळा घेऊन टायरच्या आतून सावकाश फिरव. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे टोक आहे. चिमट्यानं ओढून काढ. हे घरी दहा वेळा कर, म्हणजे रस्त्यावर हात थरथरणार नाहीत. शर्यतीच्या आदल्या रात्री मात्र टायर, सीट, चेन, कशालाही हात लावू नकोस.

खाण्याचं थोडक्यात. तासाला साधारण ६० ग्रॅम साखर पोटात जायला हवी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, लिंबू, आणि वर एक केळं, झालं. कच्च्यावर दोन्ही हात हँडलला लागतात, तेव्हा खाणं आधीच उरक. बाटलीचं स्टँड सैल असेल तर आजच घट्ट कर, खडीवर बाटली उडून जाते.

रविवारी पहाटे पावणेसहाला कालव्याच्या पुलावर ये. गाळप सुरू आहे, ट्रॉल्या रस्त्यावर येण्याआधी आपल्याला शर्यतीतले तिन्ही कच्चे तुकडे दोनदा करायचे आहेत. दोन जास्तीच्या ट्यूब आण. पहिल्या फेरीत मी पुढे असेन, दुसरीत तू पुढे राहायचंस, चाकोरी तू निवडायचीस. मी मागून फक्त तुझे कोपर बघणार आहे.

तुझा,
काका