इंग्लंडमधल्या स्विंडनला मावशीकडे शनिवार-रविवार जातोय. दोन दिवसांत बाथ, ऑक्सफर्ड आणि स्टोनहेंज होईल का?

गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा आणि परत बसायचं असेल तर होईल. फक्त मावशीची भेट तेवढी राहून जाईल.

मी लंडनला राहतो, माझा आत्तेभाऊ स्विंडनला. पहिल्या खेपेला मीही अशीच यादी घेऊन गेलो होतो. वहिनीने ती वाचली, फ्रिजवर चुंबकाखाली अडकवली आणि म्हणाली, "भाऊजी, आधी पोहे खा." नोकरी करणाऱ्या माणसांना इथे घरकामासाठी शनिवार-रविवारच मिळतो. धुण्याचं मशीन सकाळी आठपासून फिरत असतं. आपण पाहुणे म्हणून जातो, तो त्यांचा कपडे वाळत घालायचा दिवस असतो, हे लक्षात असू द्या.

त्या शनिवारी अकराला निघून आम्ही जवळच्या अफिंग्टनला गेलो. तिथे डोंगराच्या उतारावर सुमारे ११० मीटर लांबीचा पांढरा घोडा आहे. गवत खरवडून चर खणले आणि त्यात खडूचा दगड कुटून भरला, एवढीच त्याची करणी. वय अंदाजे तीन हजार वर्षं. लक्ष दिलं नाही तर गवत त्याला गिळून टाकेल, म्हणून आजही लोक गुडघे टेकून हातोडीने नवा खडू ठोकून बसवतात. इतकी वर्षं, इतक्या पिढ्या, कुणी ना कुणी हे करत आलंय. मला स्टोनहेंजपेक्षा याचंच जास्त अप्रूप वाटलं. गंमत म्हणजे जवळ गेलं की घोडा दिसतच नाही. सात वर्षांचा पुतण्या बरोबर डोळ्यापाशी उभा राहून विचारत होता, "पण घोडा कुठंय?" नीट बघायचा तर लांब, दरीपलीकडे जाऊन मागे वळून बघा. आणि काळे बूट घालू नका. माझे घरी येईपर्यंत फळ्याच्या डस्टरसारखे झाले होते.

तिथून वाँटेज गाडीने जवळच आहे. छोटंसं गाव, मधोमध बाजारचौक आणि चौकात नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडचा पुतळा, एका हातात परशू, दुसऱ्यात कागदाची गुंडाळी. त्याचा जन्म इथला म्हणतात. पर्यटक येतात ते त्याच्यासाठी. मराठी माणसाने जायचं ते पंडिता रमाबाईंसाठी. १८८३ साली पंचवीस वर्षांची ही विधवा बाई दोन वर्षांच्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात येऊन राहिली. या भगिनींचं पुण्यात पंचहौदला काम होतं, तिथूनच ओळख. (हो, तेच पंचहौद, जिथे मिशनऱ्यांचा चहा घेतल्यामुळे १८९० साली टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं.) रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं, पण कमी ऐकू येत असल्याने ते जमलं नाही. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजमध्येच त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात एकच गदारोळ झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला गेल्या. चौकातल्या बाकावर बसून वहिनीने आणलेले थालीपीठ खाताना माझ्या डोक्यात एकच होतं: महिनाभराचा बोटीचा प्रवास करून या गल्लीत आलेल्या त्या बाईला पहिल्या थंडीत काय वाटलं असेल?

रविवारी कुठे लांब जाऊ नका. मोठ्या दुकानांना कायद्याने सहाच तास उघडं राहता येतं, बसही कमी असतात. स्विंडनमध्येच जुन्या रेल्वे कारखान्याच्या इमारतीत संग्रहालय आहे, ते बघा. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन १९६० साली याच कारखान्यातून निघालं. बाजूला कामगारांची दगडी घरं आहेत. त्यांनी १८४७ पासून पगारातून वर्गणी कापून स्वतःचा दवाखाना चालवला होता, सरकारी आरोग्यसेवा यायच्या शंभर वर्षं आधी. मावशीचे यजमान गाडी चालवत असतील तर मॅजिक राउंडअबाउटवरून न्यायला सांगा. एका चौकात पाच छोटे चौक आणि मधल्यात गाड्या उलट्या फिरतात. भाऊ तिथे बोलणं बंद करतो.

गावात गोव्याची मंडळी भरपूर आहेत, त्यामुळे मासळीची चिंता नको.

एवढं करूनही बाथ हवंच असेल तर ट्रेनने अर्धा तास लागतो, सकाळी जाऊन जेवायला परत येता येईल. रोमन स्नानगृहातलं गरम झऱ्याचं पाणी ४६ अंशांचं आहे, पण त्यात बोटसुद्धा बुडवायची मनाई. वज्रेश्वरीच्या कुंडात डुंबलेल्या माझ्या आत्याला हे काही केल्या पटलं नाही. तिकिटाच्या पैशांवरून ती परतीच्या ट्रेनमध्येही कुरकुरत होती.