‘धसमुसळा’ की ‘दांडगा’? शॅकच्या खेळाला मराठीत काय म्हणावं

एका वाचकाचा प्रश्न असा: “अमेरिकी बास्केटबॉलपटू शकील ओनील, म्हणजेच शॅक, याच्यावर मराठीत लेख लिहितो आहे. त्यात एक वाक्य आहे: ‘शॅकचा खेळ धसमुसळा होता, त्यामुळे त्याच्यावर सतत फाऊल होत.’ माझा मित्र म्हणतो, ‘धसमुसळा’ म्हणणं हा शॅकचा अपमान आहे. मी म्हणतो, वर्तमानपत्रांत ‘फिजिकल’ खेळाला हाच शब्द वापरतात. शिवाय ‘आगळीक’ हा चांगला मराठी शब्द असताना ‘फाऊल’ कशाला, असंही त्याचं म्हणणं आहे. कोणाचं बरोबर?”

पहिल्या मुद्द्यावर मित्राचं बरोबर, दुसऱ्यावर तुमचं. आणि या वाक्यातली तिसरी अडचण ‘त्याच्यावर’ या शब्दात आहे. ती तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

धसमुसळा हा शब्द आधी घरात ऐकावा, मग मैदानावर. कपबशी विसळताना कान उडवणारी मुलगी, दार आपटून आत येणारा मुलगा, उशी उसवेपर्यंत ओढणारं पोर, यांना आपण धसमुसळं म्हणतो. शब्द कानावर पडताच मुसळ डोळ्यांपुढे येतं. पण यातल्या कोणाचीही ताकद आपल्याला खटकलेली नसते. खटकलेला असतो तो बेफिकीरपणा. कुठे किती जोर लावायचा याचं भान नसणं, हा या शब्दाचा गाभा. म्हणून चार वर्षांचं किरकोळ पोरही धसमुसळं असतं आणि तालमीतला शंभर किलोचा पैलवान मुळीच नसतो. फुटबॉल-हॉकीच्या बातम्यांत ‘धसमुसळा खेळ’ येतो तिथे तो बहुतेकदा योग्यच असतो, कारण चेंडू सोडून पायावर बसलेली स्टिक किंवा उशिरा घातलेला आडवा पाय यांत भान सुटलेलंच असतं.

आता शॅककडे पाहा. उंची ७ फूट १ इंच, नोंदीतलं वजन ३२५ पौंड, म्हणजे सुमारे १४७ किलो. १९९२ साली एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या नवोदितांच्या निवडीत ओरलँडो मॅजिक या संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि त्या पहिल्याच मोसमात त्याने दोन बास्केट मोडले. फिनिक्समध्ये अख्खा सांगाडा वाकून खाली बसला, न्यू जर्सीत बोर्डच उखडून आला. ही दृश्यं पाहिलेल्या माणसाच्या तोंडी ‘धसमुसळा’ यावा हे मी समजू शकतो. पण त्याच माणसाने शॅकचे पाय पाहावेत. पाठीवर बचावपटू घेऊन उभं राहायचं, चेंडू हातात येताच तो कोणत्या बाजूने टेकला आहे हे अंगानेच ओळखायचं, एक पाय मागे टाकायचा आणि त्या पायाभोवती गिरकी घेऊन बास्केटखाली निघायचं. एवढ्या देहाची ती गिरकी मी आजही थांबवून, मागे नेऊन पाहतो. भान सुटलेल्या माणसाला ती जमणार नाही. संपूर्ण कारकिर्दीत त्याचे ५८.२ टक्के फटके बास्केटमध्ये गेले. बास्केटच्या जवळून मारले म्हणून गेले, हे खरं. पण चार हात आडवे असताना तिथवर पोचणं हेच तर त्याचं कसब होतं. धसमुसळेपणाने इतकी अचूकता येत नाही. मित्राचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

मग ‘शारीरिक खेळ’ म्हणावं का? नको. खेळ शरीरानेच खेळतात. ‘शारीरिक’ म्हटलं की मराठी माणसाला शाळेतला शारीरिक शिक्षणाचा तास आठवतो. ज्याला इंग्रजीत फिजिकल म्हणतात त्याला मराठीत क्रियापदांनी सांगणं जास्त बरं: भिडून खेळणं, अंगाला अंग लावून खेळणं, अंगावर घेणं. कबड्डी आणि कुस्तीवर वाढलेल्या भाषेला या बाबतीत काही कमी नाही.

विशेषणच हवं असेल तर तीन उमेदवार आहेत. ‘रांगडा’ हा प्रेमाचा शब्द आहे, कोल्हापूरकडे तर कौतुकाचाच. पण त्याला मातीचा, गावाचा वास आहे. न्यूअर्कमध्ये जन्मलेल्या आणि लॉस एंजेलिसमध्ये तळपलेल्या खेळाडूला तो उसना वाटतो. ‘आडदांड’ म्हणजे देह मोठा आणि लगाम नाही. तो पुन्हा धसमुसळ्याच्याच वाटेने जातो. उरतो ‘दांडगा’. माझं मत याला.

कारण दांडगा हा शब्द दोन्हीकडून बोलतो. दांडगी स्मरणशक्ती, दांडगा उत्साह, दांडगा व्यासंग, दांडगा जनसंपर्क: इथे तो निखळ कौतुकाचा आहे आणि अर्थ आहे ‘नेहमीच्या मापात न मावणारा’. त्याच शब्दाला ‘आई’ हा प्रत्यय लागून ‘दांडगाई’ झाली की ती जबरदस्ती होते. बळी तो कान पिळी. मधे एकाच प्रत्ययाचं अंतर. शॅकबद्दलचा सगळा वाद नेमका त्या अंतरात आहे. चाहते म्हणतात तो दांडगा होता, टीकाकार म्हणतात त्याने दांडगाई केली आणि पंचांनी ती चालवून घेतली. दोन्ही बाजू मांडण्याची सोय असलेला शब्द हाताशी असताना एकच बाजू घेणारा का वापरावा?

या वादाचा निवाडा करायलाही मराठी क्रियापदं उपयोगी पडतात. ‘रेटणं’, ‘ढकलणं’ आणि ‘ढुशी देणं’ हे तीन वेगळे व्यवहार आहेत. रेटण्यात अंग आधीच लागलेलं असतं, जोर सलग असतो, समोरचा हळूहळू सरकतो. ढकलण्यात हात येतो आणि समोरचा एका झटक्यात जागा सोडतो. ढुशीत आधी अंतर घेतलेलं असतं आणि मग खांदा किंवा डोकं येऊन आदळतं, बैल देतो तसं. बास्केटकडे पाठ करून खेळणाऱ्याने पाठीने जागा राखणं आणि थोडं रेटणं एनबीएत चालत आलं आहे. पण खांद्याने किंवा कोपराने दणका देऊन बचावपटूला हक्काच्या जागेवरून उडवणं हा आक्रमकाचा फाऊल आहे. रेटण्यालाही १९९९-२००० च्या मोसमापासून वेळेची मर्यादा आली: फ्री थ्रोच्या (फाऊलबद्दल मिळणाऱ्या, कोणी न अडवता मारायच्या फटक्याच्या) रेषेच्या आत पाठ करून चेंडू आपटत राहायला ५ सेकंद, त्यापुढे चेंडूचा ताबा गेला.

शॅक काय करायचा? बहुतेक वेळा रेटायचा. शेवटच्या पावलाला पुष्कळदा खांदा यायचा आणि रेटण्याची ढुशी व्हायची. २००१ च्या अंतिम मालिकेत शॅक लॉस एंजेलिस लेकर्सकडून खेळत होता आणि फिलाडेल्फियाचा डिकेंबे मुटोंबो त्याच्यासमोर होता. त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू, स्वतः ७ फूट २ इंच. पहिल्याच सामन्यात शॅकने ४४ गुण आणि २० रीबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर परत येणारे चेंडू) घेतले (सामना मात्र फिलाडेल्फियाने जिंकला), मालिकेत सरासरी ३३ गुण. मुटोंबो जागेवरून हलतो आहे आणि शिट्टी वाजत नाही, असे प्रसंग त्या मालिकेत भरपूर दिसतात. माझ्या मते त्यातल्या काहींवर फाऊल धरायला हवा होता. हे मी शॅकचा चाहता असून म्हणतो.

पण दुसरी बाजू तितकीच खरी. त्याच्या हातावर, मनगटावर, मानेवर जे घाव पडत ते एखाद्या सडपातळ गार्डवर (बास्केटपासून दूर खेळणाऱ्या, तुलनेने बुटक्या खेळाडूवर) पडते तर तो कोलमडला असता आणि शिट्टी वाजली असती. शॅक हलायचा नाही, म्हणून घाव दिसायचा नाही. पंचांची नजर परिणाम पाहते आणि १४७ किलोवर परिणाम उशिरा होतो. तरीही त्याने कारकिर्दीत ११,२५२ फ्री थ्रो घेतले. त्यातले ५,९३५ गेले, म्हणजे ५२.७ टक्के. इतके फ्री थ्रो मिळालेल्या माणसाला पंचांनी वाऱ्यावर सोडलं असं म्हणता येत नाही, आणि त्याच्यावर होणारा प्रत्येक फाऊल धरला गेला असंही नाही.

आता ‘आगळीक’. शब्द सुंदर आहे, आणि त्याची घडण शॅकच्या संदर्भात थक्क करणारी आहे. तो आला आहे ‘आगळा’वरून. आगळा म्हणजे अधिक, इतरांहून वरचढ; ‘आगळावेगळा’ म्हणताना आपण तोच वापरतो. अधिकपणा मर्यादेबाहेर गेला की ती आगळीक. म्हणजे खेळाडूचं श्रेष्ठत्व आणि त्याचा गुन्हा या भाषेत एकाच मुळातून फुटले आहेत. शॅकवर लेख लिहिताना मी हे आवर्जून सांगेन.

तरीही रोजच्या फाऊलला आगळीक म्हणू नये, कारण आजच्या मराठीत आगळीक म्हणजे कुरापत. सीमेवरच्या बातम्यांत ती सतत भेटते आणि तिच्यामागे नेहमी एक प्रश्न असतो: सुरुवात कोणी केली? त्यात हेतू गृहीत आहे. बास्केटबॉलमधल्या फाऊलला हेतू लागत नाही. हात अर्धा क्षण उशिरा पोचला तरी फाऊल.

उलट जिथे हेतू पुरेपूर आहे तिथेही आगळीक बसत नाही, ही त्याहून मोठी गंमत. डॅलसचे प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी १९९७ च्या डिसेंबरात शिकागोच्या डेनिस रॉडमनला मुद्दाम फाऊल करायला बब्बा वेल्स या खेळाडूला पाठवलं. कच्चा नेमबाज फ्री थ्रो चुकवणार हा हिशेब. वेल्सची सहा फाऊलांची मर्यादा ३ मिनिटांत भरली आणि तो बाहेर गेला. रॉडमनने १२ पैकी ९ मारले, हिशेब फसला. पुढे हीच युक्ती शॅकवर आली आणि ‘हॅक-अ-शॅक’ या नावाने गाजली. २००० च्या अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात इंडियानाविरुद्ध त्याला ३९ फ्री थ्रो घ्यावे लागले. १८ गेले, २१ चुकले, तरी त्याचे ४० गुण झाले आणि लेकर्स जिंकले. त्याच वर्षी डिसेंबरात सिॲटलविरुद्ध मात्र ११ पैकी ११ चुकले. हे फाऊल हेतुपुरस्सर होते, पण त्यात कुरापत नव्हती, राग नव्हता. नियमाने लावलेली किंमत मोजून केलेला तो व्यवहार होता. त्याला ‘मुद्दाम केलेला फाऊल’ एवढंच म्हणावं. २०१६ साली एनबीएने ती किंमत वाढवली: प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या २ मिनिटांत चेंडूपासून दूर असा फाऊल केला तर १ फ्री थ्रो आणि वर ताबाही समोरच्याकडेच.

आगळीक शोभते ती वेगळ्या जागी. जानेवारी २००२ मध्ये शिकागोत ब्रॅड मिलरने शॅकला जोरात फाऊल केला आणि शॅकने मागून त्याच्यावर बुक्का उगारला. शॅकवर ३ सामन्यांची बंदी आली. ही आगळीक. आणि ‘सुरुवात कोणी केली’ हा प्रश्नही इथे बरोबर लागू पडतो.

जाता जाता: अंगाला वारा लागताच कोसळून फाऊल मिळवण्याला इंग्रजीत फ्लॉप म्हणतात. व्लादे दिवाच यात पटाईत होता आणि शॅकने त्याबद्दल उघड तक्रार केली. आपल्याकडे ‘सोंग’ आहे. ‘पडण्याचं सोंग केलं’ यात सगळं येतं.

आणि ‘थोर’ हे विशेषण तुमच्या लेखात शॅकसाठी कुठे असेल तर काढा. थोर हा आचरणाचा, ऋणाचा शब्द आहे. चार अजिंक्यपदं (२०००, २००१, २००२ लेकर्सकडून, २००६ मायामीकडून) आणि सलग तीन अंतिम मालिकांत सर्वोत्तम खेळाडूचा मान यासाठी ‘श्रेष्ठ’ हवा. त्यात तुलना आहे, आणि तुलना केली की उत्तर द्यावं लागतं. माझं उत्तर: सबंध कारकीर्द पाहिली तर करीम अब्दुल-जब्बार आणि बिल रसेल हे आधीच्या पिढ्यांतले सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) त्याच्यावर. पण २००० ते २००२ ही तीन वर्षंच पाहिली तर समोरासमोर त्याला अडवणारा सेंटर त्या काळात कोणी नव्हता. १९९५ च्या अंतिम मालिकेत हकीम ओलाजुवॉनच्या संघाने त्याला ४-० असं हरवलं होतं हे लक्षात ठेवूनही मी हे म्हणतो.

आता ‘त्याच्यावर’. ‘पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा नोंदवला’ यात तो आरोपी आहे. ‘त्याच्यावर हल्ला झाला’ यात तो बळी आहे. मराठीत ‘वर’ दोन्ही कामं करतो, आणि ‘त्याच्यावर फाऊल झाला’ हे वाक्य ऐकणारा त्यातलं हवं ते घेतो. ‘त्याला फाऊल दिला’ यातही तोच घोळ: शिक्षा म्हणून दिला की न्याय म्हणून? तुमच्या वाक्यात ‘त्यामुळे’ असल्याने शॅक फाऊल करत होता असं वाटतं, आणि तुम्हाला बहुधा उलटं म्हणायचं आहे. यावर उपाय म्हणजे फाऊल करणारा कर्ता समोर आणायचा. करणाऱ्याला ‘ने’ किंवा ‘चा’ द्या: ‘मुटोंबोने फाऊल केला’, ‘पंचांनी शॅकचा फाऊल धरला’. मग शंका राहत नाही.

तेव्हा तुमचं वाक्य असं लिहा: ‘शॅकचा खेळ दांडगा होता, त्यामुळे त्याला अडवताना समोरचे सतत फाऊल करत.’ मित्राला दुसरी बाजूही मांडायची असेल तर तो लिहील: ‘शॅक रेटता रेटता ढुशी द्यायचा आणि पंच त्याचा फाऊल धरत नसत.’ दोन्ही वाक्यांचं मराठी नीट आहे. दोन्ही लेखात ठेवा, एकाखाली एक.